भाकिताच्या अचूकतेबरोबर खोटे इशारेही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संधिवात, स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक होणे), डर्मॅटोमायोसायटिस (त्वचा व स्नायूंचा दाह) अशा ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या, आजारांत फुफ्फुसांनाही इजा झालेल्या रुग्णांपैकी कोणाचे श्वसन निकामी होईल, याचे भाकीत मशीन लर्निंगने (जुन्या नोंदींवरून संगणकाला शिकवून) करण्याच्या प्रयत्नांविषयी हल्ली वरचेवर वाचायला मिळते. गरज खरी आहे. एमडीए-५ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात असलेल्या डर्मॅटोमायोसायटिसमध्ये रुग्ण काही आठवड्यांतच व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो, तर स्क्लेरोडर्माच्या कित्येक रुग्णांची फुफ्फुसे वर्षानुवर्षे फारशी ढासळत नाहीत. सीटी स्कॅन, एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर टाकलेली हवा), डीएलसीओ (फुफ्फुसांतून रक्तात वायू जाण्याची क्षमता), फेरिटिन (रक्तातील एक प्रथिन) या साऱ्यांचा एकत्रित अर्थ लावण्यात संगणकाची मदत होणारच. माझा आक्षेप आहे तो बातमीत केवळ अचूकतेची टक्केवारी देऊन थांबण्याला.

मॉडेल, म्हणजे असे भाकीत करणारी संगणकप्रणाली, शिकते ते जुन्या नोंदींवरून, आणि त्या नोंदींत आजाराबरोबर डॉक्टरांचे उपचारही मिसळलेले असतात. १९९०च्या दशकातील न्यूमोनियाच्या नोंदींवर शिकवलेल्या एका मॉडेलने, दमा असलेल्यांना मृत्यूचा धोका कमी असतो, असा निष्कर्ष काढला होता. प्रत्यक्षात अशा रुग्णांना थेट अतिदक्षता विभागात हलवले जात असल्याने ते वाचत होते. एमडीए-५च्या ज्या रुग्णांना पहिल्याच दिवसापासून स्टिरॉइड, टॅक्रोलिमस आणि सायक्लोफॉस्फामाइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे मिळाली, तेही उद्या याच न्यायाने ‘कमी धोक्याचे’ ठरू शकतात.

साध्या ऑक्सिजनच्या आकड्याचेच पाहा. स्क्लेरोडर्मात बोटांचा रक्तपुरवठा आकसतो, बोटे गार पडतात आणि बोटाला लावलेला ऑक्सिमीटर भलताच आकडा दाखवू शकतो, म्हणून जाणकार परिचारिका तो कानाच्या पाळीवर किंवा कपाळावर मोजते. नोंदवहीत मात्र नुसते ‘९१’ लिहिले असेल, तर ते कुठे मोजले हे मॉडेलला कळायला मार्ग नाही.

आता अचूकतेचे गणित. समजा, १००० रुग्णांपैकी २० जणांचे श्वसन निकामी होणार आहे आणि मॉडेल दोन्ही बाजूंनी ९० टक्के बरोबर आहे. ते १८ जणांना वेळेवर हेरील, पण उरलेल्या ९८० पैकी ९८ जणांबाबतही धोक्याची घंटा वाजवील. म्हणजे ११६ इशाऱ्यांपैकी ९८ खोटे! अशा इशाऱ्यावर विसंबून स्टिरॉइडची मात्रा वाढवली, तर रोगप्रतिकारशक्ती दबून न्यूमोसिस्टिससारखा फुफ्फुसांचा संसर्ग होऊ शकतो, आणि ज्याचे श्वसन निकामी होणार नव्हते त्याचेच व्हायचे.

म्हणून विनंती इतकीच, की अशी बातमी छापताना मॉडेल दुसऱ्या रुग्णालयातील अनोळखी रुग्णांवर तपासले आहे का आणि खऱ्या इशाऱ्यामागे खोटे इशारे किती, हे दोन तपशील संशोधकांना विचारून बातमीतच द्यावेत.

आपला,
एक वाचक