आवाहन : ‘मेसाया’ आपली माणसं गाणार आहेत

सर्व बंधुभगिनींना सप्रेम सलाम.

आज तालीम संपायला साडेनऊ झाले आणि मजकूर उद्या सकाळी छापायला द्यायचा आहे. काही पुढेमागे झालं असेल तर सांभाळून घ्यावं. यंदा नाताळच्या आधी आपला गायकवृंद हॅण्डेल या अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीतकाराचा ‘मेसाया’ हा ओरेटोरिओ (अभिनयाशिवाय नुसती गाऊन सादर करायची मोठी धार्मिक रचना) सादर करतोय. पहिला भाग पूर्ण आणि पुढच्या दोन भागांतली निवडक गाणी. गायन इंग्रजीतच होईल. पण त्याचे शब्द जुळवणाऱ्या जेनेन्सने यातला शब्दन् शब्द पवित्र शास्त्रातून घेतलेला आहे, म्हणून प्रत्येक गाण्याआधी तेच वचन आपल्या मराठी शास्त्रातून वाचलं जाईल. कोरसमध्ये आपली बेचाळीस माणसं आहेत आणि सोलो गाणारे चौघंही आपलेच.

त्या चौघांबद्दल आधी लिहितो, पैशांचं मागून. गेल्या महिन्यात उपासना सुटल्यावर एका जबाबदार गृहस्थांनी विचारलं, “सोलोला मुंबईहून कुणी आणणार असाल ना? आपल्याकडे तसं शिकलेलं कोण आहे?” ते शब्द अजून मनातून जात नाहीत.

आपले टेनर (पुरुषांचा वरच्या पट्टीतला आवाज) म्हणजे एस.टी.तले दादा. त्यांच्या घरात तीन पिढ्यांचं ख्रिस्ती कीर्तन आहे. कृष्णराव सांगळ्यांनी एकोणिसाव्या शतकात ही परंपरा आपल्या नगरातच (तेव्हाचं अहमदनगर) उभी केली, आणि रेव्हरंड टिळकांच्या पदांवाचून आपली एकही उपासना होत नाही. दादा लहानपणी वडिलांच्या मागे झांज घेऊन उभे राहायचे आणि ध्रुवपद उचलायचे. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी, त्यांना येत नाही. पहिल्या तालमीला तो कागद हातात धरून ते घामाघूम झाले होते. ‘कम्फर्ट यी’च्या सुरुवातीला वाद्यं थांबतात आणि टेनरचा आवाज एकटाच उरतो. सबंध ओरेटोरिओत माणसाचा पहिला आवाज तोच. तालीम घेणाऱ्या आपल्या सरांनी कागद बाजूला ठेवला, पेटीवर पांढरी तीनचा सा धरला आणि म्हणाले, “दादा, हे नुसतं ग रे सा आहे.” दादांनी डोळे मिटले आणि म्हटलं. दाराशी चपला काढणारी मुलं तशीच एका पायावर उभी राहिली. ‘सांत्वन करा, माझ्या लोकांचे सांत्वन करा’ हे वचन मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या दिवशी ते पहिल्यांदा मला उद्देशून आल्यासारखं वाटलं.

आल्टो (बायकांचा खालच्या पट्टीतला आवाज) आपल्या संगीताच्या बाई. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारद, ख्याल गाणाऱ्या. इतकी वर्षं षड्ज काळी पाचचा, आणि ‘ही वॉज डिस्पाइज्ड’ आहे काळी दोनमध्ये. त्याहून अवघड होतं ते मींड आवरणं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं नाही, थेट पाऊल ठेवायचं. बाई दोन आठवडे घरी तंबोरा न लावता गायल्या. पण या गाण्याची रचना अशी आहे की मधला भाग झाला की पहिला पुन्हा येतो, आणि हॅण्डेलच्या काळी गायक त्या परतीला स्वतःच्या जागा घालून तो सजवत असत. सरांनी हे सांगितल्यावर बाईंचा चेहराच उजळला. आता पहिल्या वेळी ‘तुच्छ मानलेला, मनुष्यांनी टाकलेला’ अगदी सरळ येतं, आणि परतताना एका ठिकाणी बाई एवढीशी मुरकी घेतात. ती ऐकायला तरी या.

बास (पुरुषांचा खर्जातला आवाज) आपले फौजेतून निवृत्त झालेले काका. मूळचे साष्टीचे. गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना अक्षर ओळखीबरोबर सोल्फेज (डो-रे-मी म्हणत स्वरलिपी वाचणं) शिकवायची जुनी चाल होती. काकांच्या हातात तिथेच व्हायोलिन आलं आणि पुढे पलटणीच्या बँडमध्ये वीस वर्षं गेली. आपल्यात स्वरलिपी वर्तमानपत्रासारखी वाचणारे ते एकटेच. काका कॅथलिक. ते रविवारी पहाटे स्वतःची मिस्सा करून मग आपल्या मुलांना बासची ओळ शिकवायला येतात. यासाठी त्यांनी आजवर रिक्षाभाडंसुद्धा घेतलेलं नाही.

सोप्रानो (बायकांचा वरच्या पट्टीतला आवाज) सिस्टरबद्दल मी वेगळं काय लिहू? आपल्याकडची लग्नं आणि मयतं त्यांच्या आवाजाशिवाय होत नाहीत. नर्सिंगच्या वसतिगृहात संध्याकाळच्या प्रार्थनेला टॉनिक सोल्फावर (सूर अक्षरांनी लिहायची पद्धत) जे शिकल्या तेवढंच त्यांचं शिक्षण. रात्रपाळी करून तालमीला येतात आणि ‘माझा उद्धारक जिवंत आहे’ हे गाणं उभ्यानेच म्हणतात, कारण बसलं की झोप येते.

आता ‘शिकलेलं कोण आहे’ याचं उत्तर. ‘मेसाया’चा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनला झाला. तेव्हा आल्टोची गाणी सुझाना सिबर गायली. ती नाटकातली नटी होती, आणि लंडनमध्ये बदनामी झाल्यामुळे तिकडे आलेली. आवाज बेताचा, संगीताचं ज्ञानही फारसं नाही. पण ‘ही वॉज डिस्पाइज्ड’ ऐकून डॉ. डेलनी नावाचे पाळक जागेवरून उठले आणि म्हणाले, बाई, एवढ्यासाठी तुझ्या सगळ्या पापांची क्षमा होवो. पुरुष गायक तिथल्याच दोन कॅथेड्रलच्या क्वायरमधले होते. हॅण्डेलने बरंचसं तिथे जी माणसं होती त्यांच्याकडूनच गाऊन घेतलं. त्या प्रयोगाचं उत्पन्न दोन रुग्णालयांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना गेलं. १४२ कैदी सुटले. जास्त लोक मावावेत म्हणून बायकांनी घेरदार घागरे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात, अशी विनंती केली होती. पुढे लंडनच्या अनाथालयासाठी दरवर्षी हेच गायलं गेलं. आपलीही शिल्लक राहिली तर ती वसतिगृहातल्या मुलींच्या फीला जाईल. कमिटीत तसा ठराव झाला आहे.

जुन्या देणगीदारांचं ऋण मानल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपली पायपेटी ज्या आजींनी दिली त्या आता नाहीत. सुनेसाठी ठेवलेल्या पाटल्या मोडून त्यांनी ती घेतली होती, आणि कुठे नाव घालायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून आजही घालत नाही. मार्केट यार्डातले भाऊ सहा वर्षं प्रत्येक तालमीला चहा-बिस्किटं पाठवतात, पाऊस असो नसो. महिला मंडळाच्या भगिनींनी चकल्या विकून कोरसच्या साड्या केल्या. पुण्यात स्थायिक झालेले आपले एक डॉक्टर दर नाताळला न मागता पाकीट पाठवतात. देव या सर्वांचं भलं करो.

पण हेही लिहितो, राग नसावा. दोन वर्षांपूर्वी १४० घरी पत्रं दिली होती, मदत १९ घरांतून आली. ठरलेलं सभागृह आठवडाभर आधी दुसऱ्याला दिलं गेलं आणि आम्ही उघड्या मंडपात गायलो. दव पडत होतं, व्हायोलिनच्या तारा उतरत होत्या, आणि शेवटच्या कोरसला समोरच्या दोन रांगांत मी एकवीस माणसं मोजली. जेवणाला मात्र ताटं कमी पडली होती. सिस्टरांनी त्या रात्री मला विचारलं, “आमचं काही चुकलं का?” मला उत्तर देता आलं नाही.

खर्चाचा अंदाज रु. १,८०,०००. त्यात पुण्याहून येणारे पाच वादक (दोन व्हायोलिन, व्हायोला, सेलो, ट्रम्पेट) मानधन-प्रवास धरून ७५,०००. सभागृह, ध्वनी, दिवे ४८,०००. पायपेटीचा भाता व सुरांची दुरुस्ती २२,०००. स्वरलिपीच्या प्रती १५,०००. पुस्तिका, चहापाणी व किरकोळ २०,०००. जमा ६८,५००, कमी १,११,५००. प्रयोग डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता, नेहमीच्या सभागृहात (या वेळी भाडं भरून पावती घेतली आहे). प्रवेश विनामूल्य. देणगी रविवारी उपासनेनंतर खजिनदारांकडे किंवा मंगळवार-शुक्रवार ७ नंतर तालमीत द्यावी आणि पावती जरूर घ्यावी. रु. ५०० सुद्धा चालतील, १०० सुद्धा. वादकांना अर्धी रक्कम आगाऊ द्यायची असल्याने नोव्हेंबरअखेर पैसे यावेत ही कळकळीची विनंती.

ज्यांना पैसे देणं जमत नसेल त्यांनी दोन वादकांची एका रात्रीची सोय करावी. सेलोवाल्यांना तळमजल्यावरची खोली लागेल, जिना अरुंद असला की वाद्य वर जात नाही.

आपला,
चिटणीस, गायकवृंद