लॅमिनेशनच्या मिस्त्रीकाकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न.

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका म्हणते. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत. आमची 28 फुटी शिडाची नौका पाण्यात उतरली, तेव्हा लोकांनी शिडांचं कौतुक केलं, डोलकाठीचं केलं, आतल्या सागवानी कामावर हात फिरवून पाहिला. फायबरच्या कवचाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ते नीट जमलं की कुणाच्या नजरेतच भरत नाही, आणि ते सगळं, काचेच्या तंतूंचे थर रेझिन या चिकट द्रवाने एकावर एक बसवण्याचं लॅमिनेशन, तुमच्या हातचं आहे.

तुम्ही आलात तेव्हा साचा तयार होता, मेणाचे हात देऊन झाले होते आणि आम्हाला घाई होती. तुम्ही पहिल्यांदा मागितलात तो वजनकाटा. आयुष्यभर मासेमारीच्या फायबर होड्या बांधलेला माणूस रेझिन अंदाजाने ओतेल असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही मात्र मॅटचा, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चादरीचा, प्रत्येक तुकडा तोलून त्यावर रेझिनचं वजन खडूने लिहायला लावलंत. कमी रेझिनने मॅट कोरडी राहते हे सगळ्यांना कळतं. जास्त झालं तर वजन वाढतं आणि ताकद मात्र वाढत नाही, हे तुम्ही समजावलंत.

मग तुम्ही विचारलंत, ही जाणार कुठे? लक्षद्वीप म्हटल्यावर आराखडा पुन्हा उलगडायला लावलात. मच्छीमार होडीला इंजिनाचे हादरे सोसायचे असतात. शिडाच्या नौकेत डोलकाठी मधोमध खाली दाबते, तिला धरणाऱ्या तारा दोन्ही कडा वर खेचतात आणि तळाला तोल सांभाळणारी शिशाची जड कील लोंबते. एकाच कवचाला हे सगळं एकाच वेळी झेलायचं असतं. म्हणून तारांच्या मुळाशी आणि कीलच्या बोल्टांभोवती आराखड्यात दिलेला एकही थर तुम्ही गाळू दिला नाहीत. आडव्या भिंती कवचाला थेट टेकवल्या तर तिथे कडक रेघ पडते आणि लाटांच्या माराने नेमकं तिथेच तडकतं. म्हणून मध्ये फोमची पट्टी घालून मग दोन्ही बाजूंनी काचेच्या पट्ट्या चढवल्यात.

काम दसऱ्यानंतरच सुरू करायचं, हा तुमचा हट्ट. पावसाळी हवेत काच ओल धरते आणि पुढे पाण्यात राहून कवचाला फोड येऊ शकतात. पहाटे सुरुवात, ऊन चढायच्या आत थांबायचं, कारण उन्हात बादलीतलं रेझिन हातातच घट्ट होऊ लागतं. रेझिन घट्ट करणारं हार्डनर आणि त्याला वेग देणारं कोबाल्ट एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो, म्हणून त्यांचे डबे शेडच्या दोन टोकांना. एका बैठकीत दोन-तीनच थर, नाहीतर आतल्या उष्णतेने कवच वाकडं होतं. आणि पुढचे थर शक्यतो दुसऱ्याच दिवशी, म्हणजे जुनं-नवं रेझिन एकजीव होतं. उशीर झाला की घासूनच पुढे जायचं.

काका, मला सगळ्यात जास्त आठवते ती चकती. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या झडपेसाठी तळाला भोक पाडलं, तेव्हा निघालेली फायबरची गोल चकती तुम्ही उचललीत. सोनाराच्या काट्यावर तिचं वजन करून ती पत्र्याच्या डब्यात ठेवलीत, शेडबाहेर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहून ज्योत दिलीत. रेझिन जळून गेलं आणि पांढरी काच उरली. चिमट्याने एकेक थर सोडवून मोजलात: चौरस मीटरला 450 ग्रॅमची मॅट, 600 ची रोव्हिंग म्हणजे जाड विणीचं काचेचं कापड, पुन्हा मॅट. आराखड्यात जितके, तितकेच. उरलेल्या काचेचं वजन मूळच्या 40 टक्क्यांच्या आसपास भरलं. तुम्ही नुसतं "बरोबर" म्हणालात आणि हात धुवायला गेलात. ते थर मी एका पाकिटात जपून ठेवले आहेत.

गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या म्हादेई या शिडाच्या नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये चार ठिकाणी थांबत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून ती कुठेही न थांबता केली. तिच्याच आराखड्यावर, त्याच यार्डात बांधलेल्या तारिणीतून 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी जगभर फिरून आल्या. सीडर लाकडाच्या पट्ट्यांवर काच आणि इपॉक्सी हे रेझिन चढवणाऱ्या तिथल्या कारागिरांची नावं आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? मला तरी नाहीत, आणि याची मला खरोखर खंत वाटते. दक्षिण महासागराच्या लाटांखाली ते कवच टिकलं, त्यात त्यांचाही वाटा तेवढाच मोठा आहे.

दुसरं कवच आता साच्यात आहे. एका नौकेसाठी साचा काढणं परवडत नाही, निदान दोन तरी नौका काढा, हा सल्लाही तुमचाच. तुम्ही शिकवलेल्या दोघी मुली आता रोलर धरतात आणि बुडबुडा दिसला की मला न विचारता काम थांबवतात. डेकचं काम दिवाळीनंतर निघेल. थरांच्या मध्ये बाल्सा हे हलकं लाकूड भरायचं आहे, आणि जिथे जिथे बोल्ट जाणार तिथला बाल्सा कोरून इपॉक्सी भरायचं आहे, तुम्ही सांगितलंत तसंच. गुडघे दुखतात, हे माहीत आहे. शेडमध्ये तुमच्यासाठी खुर्ची ठेवली आहे आणि न्यायला गाडी पाठवीन. काकूंनाही घेऊन या.

तुमची,
शेडमधली धाकटी