ॲपमधली गोळ्यांची यादी, आणि तुम्ही खरंच घेता त्या गोळ्या

प्रिय आई, बाबा,

बाबा, तुम्ही परवा फोनवर म्हणालात ना की हॉस्पिटलच्या ॲपवर 'तुमची औषधं तपासा' असा मेसेज आलाय आणि त्यांच्याकडे सगळं आहेच तर आपण काय तपासायचं, ते काही माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून नीट लिहून पाठवतेय. दोघांनी मिळून वाचा.

त्यांच्याकडे आहे ते डॉक्टरांनी लिहून दिलेलं. त्यातलं तुम्ही खरंच काय घेता ते तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. हार्टचे डॉक्टर वेगळे, शुगरचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे, एकाने बंद केलेली गोळी दुसऱ्याच्या यादीत तशीच राहते, आणि मेडिकलमधून आपण परस्पर आणलेली पेनकिलर तर कुठल्याच यादीत नसते. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर हा घोळ सगळ्यात जास्त होतो कारण तिथे काही गोळ्या बदललेल्या असतात आणि घरात जुन्या स्ट्रिप्स पडलेल्याच असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधांमुळे होणारं टाळता येण्यासारखं नुकसान कमी करायची जगभरची मोहीमच सुरू केली, म्हणजे हे काही आपल्याच घरातलं नाही.

तर करायचं असं. घरातलं सगळं औषध एका टेबलावर आणा, सगळं म्हणजे सगळं, मलमं, इन्हेलर, व्हिटॅमिन, काढे-चूर्णं, आणि आई तुझे काचबिंदूचे थेंबसुद्धा. थेंब कसले औषध असं तू म्हणशील, पण त्या थेंबांमध्ये टिमोलॉल असेल तर ते रक्तात जाऊन नाडी मंद करू शकतं आणि दम्याच्या माणसाला त्याने श्वासाचा त्रास होऊ शकतो, त्यामुळे ते यादीत हवेतच. मग ॲपमध्ये एकेक नाव घ्या आणि स्ट्रिपवर मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडून खाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव लिहिलंय ते बघा. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्यांत एकच औषध निघतं कधीकधी. तापाची गोळी आणि सर्दीची गोळी दोन्हीत पॅरासिटामॉल असतं बऱ्याचदा, आणि मोठ्या माणसालाही दिवसाला 4 ग्रॅमच्या वर ते चालत नाही, वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमीच.

वेळासुद्धा बघा. आई, तुझ्या यादीत थायरॉइडची गोळी 'सकाळी' आणि कॅल्शियमही 'सकाळी' असेल आणि तू दोन्ही एकदम घेत असशील तर थायरॉइडची गोळी नीट शोषलीच जात नाही, दोन्हीत साधारण 4 तासांचं अंतर लागतं. यादीत दोन्ही बरोबर दिसतात, चूक कोणाला कळतच नाही, आणि मग रिपोर्ट बिघडला की डोस वाढतो.

बाबा, तुमच्या पायावर सूज येते म्हणालात. ॲम्लोडिपिन नावाच्या बीपीच्या गोळीने काहींना अशी सूज येते, आणि ते लक्षात आलं नाही तर सुजेसाठी लघवीची गोळी सुरू होते, मग गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही पेनकिलर त्याच्यावर, आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर हे दोन्ही आले की किडनीवर ताण पडतो. तुमचं तसंच झालंय असं मी म्हणत नाहीये, सूज दुसऱ्या कारणानेही येते, पण सूज कधीपासून आहे आणि पेनकिलर किती वेळा घेता हे ॲपमधल्या शेऱ्याच्या जागेत लिहाच.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. आई, चक्कर येते म्हणून तू बीपीची गोळी मधूनमधून सोडतेस आणि डॉक्टरांसमोर मात्र 'सगळं वेळेवर घेते' म्हणतेस, कारण ते रागावतील असं तुला वाटतं. अगं पण त्यांना वाटणार की गोळी घेऊनही बीपी वाढलेलं आहे, ते डोस वाढवणार, आणि ज्या दिवशी तू सगळं नीट घेशील त्या दिवशी बीपी एकदम खाली येऊन तू पडशील. ॲपमध्ये समोर डॉक्टर बसलेले नसतात, तिथे 'घेत नाही' किंवा 'वेगळ्या पद्धतीने घेते' हे निवडायला काही संकोच नको, आणि का ते एका ओळीत लिही, चक्कर येते एवढंच पुरे. चक्कर जास्त असेल तर मात्र ॲपवर थांबू नकोस, सरळ फोन कर त्यांना.

एक मात्र सांभाळा, यादीत काही खटकलं म्हणून आपणहून गोळी बंद करू नका. मेटोप्रोलॉलसारख्या बीपी-हार्टच्या गोळ्या अचानक सोडल्या तर हार्टला धोका होतो. खटकलं की लिहायचं आणि विचारायचं. आणि तुम्ही लिहिलेलं कोणीतरी वाचून मान्य केल्याशिवाय यादी बदलली असं समजू नका, ते कधीकधी तसंच पडून राहतं, म्हणून पुढच्या भेटीत तोंडानेही सांगा की आम्ही ॲपमध्ये बदल कळवलाय, बघितलात का.

दोघांचं लॉगिन वेगळं ठेवा, बाबांच्या खात्यात आईच्या गोळ्या भरू नका. ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हॉस्पिटलमधून बोलतोय म्हणाला तरी. यादीची एक कागदी प्रत पाकिटात ठेवा, फोन बंद पडला की तीच कामाला येते. माझ्या फोनवरही तुमची यादी दिसायची सोय त्यात असेल, पण ती तुम्हाला चालत असेल तरच, दोघांनी बोलून ठरवा.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल करते, स्ट्रिप्स काढून ठेवा आणि बाबा, चष्मा घेऊन बसा, मागची बारीक अक्षरं तुम्ही वाचा, मी इकडे लिहून घेते.

तुमची,
लेक

ता. क. रिकाम्या स्ट्रिप्स रविवारपर्यंत टाकू नका.