मिनूस, गाडी सुटल्यावर

चि. मिनू,
अनेक आशीर्वाद.

गाडी हलली तेव्हा मी पार्सलच्या रांगेतच होतो, तुझा हात दिसला नाही. तुझ्या कोरायच्या मशीनची पेटी चढली, पावती माझ्याकडे आहे. परवा जेवताना बोललो ते आजीसमोर बोलायला नको होतं. पत्रात मशीनला टोकाशी थांबवणाऱ्या त्या स्विचचं नाव काढायचं नाही, असं ठरवून बसलोय.

आईनं सांडगी मिरची दिलीय, डब्याला तेल सुटेल, वेगळी ठेव.

मिनू, सहाच्या सहा स्विच तू एनओवर जोडलेस, म्हणजे दाबल्यावरच सर्किट जुळणार. वायर तुटली तर कॉम्प्युटरला कळणार कसं? त्याला वाटणार, कुठलाच स्विच दाबलेला नाही, सगळं ठीक आहे. एनसीवर, म्हणजे एरवी जुळलेलं नि दाबल्यावर उघडणारं, असं घेऊन सहाही एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेस तर एक जरी सुटली तरी सर्किट उघडतं नि मशीन थांबतं. तू म्हणालीस, सॉफ्ट लिमिट आहेत, प्रोग्रामच हद्द सांभाळतो. आहेत, पण स्टेपर मोटर एकदा स्टेप चुकली की कॉम्प्युटरच्या हिशेबात गॅन्ट्री, ती सरकती कमान, एका जागी आणि खरी दुसऱ्याच जागी.

हिंगण्याला कारखान्यात त्या ग्राइंडरचं टेबल शेवटच्या स्विचवर थांबायला हवं होतं. वायर स्लीव्हच्या आत तुटलेली, वरून अगदी धड. बोटाचं तुला माहीतच आहे. मे महिना होता, ४५ अंश ऊन, आणि तुझी आई तुला कडेवर घेऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. तू माझ्या पट्टीकडे बघून हसलीस. ते हसू मला अजून दिसतं, म्हणून परवा आवाज चढला.

जुना कॉम्प्युटर तू भंगारातून सोडवलास तो प्रिंटर पोर्टसाठीच ना? मग त्यात इनपुटच्या पिना पाचच, १०, ११, १२, १३ आणि १५. त्यातली ११ उलटी वाचते, ती या कामाला घेऊ नकोस. एका पिनेवर सगळी साखळी, दुसरं टोक १८ ते २५ पैकी एका ग्राउंडवर, पिनेपासून पाच व्होल्टला पुल-अप रेझिस्टर. चोवीस व्होल्ट सरळ पोर्टात घालू नकोस, मध्ये ऑप्टो टाक, तो वीज अडवून नुसता इशारा पुढे देतो. मोटरच्या वायरींपासून लांब, वरून जाळी असलेली शिल्डची वायर घे, शिल्ड एकाच टोकाला अर्थ कर. लाल बटणानं मोटरचा पुरवठाच तुटला पाहिजे, कॉम्प्युटरला विचारून नाही.

बघ, पुन्हा शाळा घेतली. माफ कर. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त येतं. दारावरची पाटी तू कोरलीस, त्यात आजीचं नाव आधी घातलंस. पोस्टमनसुद्धा थांबून वाचतो. मी कोणालाही सांगतो, बर्डीच्या बाजारातून एकेक सामान आणून हे पोरीनं उभं केलंय.

पण रात्रभर गाडीचे हादरे. पेटी उघडलीस की पहिल्यांदा मल्टीमीटर लाव. तो निळ्या पिशवीत आहे, नवी बॅटरी घातलीय. स्पिंडल, ती कोरणारी मोटर, बंद ठेवून एक्सच्या स्विचची एक वायर मुद्दाम काढ आणि जॉग दे, थोडं सरकवून बघ. एनओवर असलीस तर ते चालतच राहील. मग एनसीवर घे, पुन्हा काढून बघ. हलायलाच तयार झालं नाही की मला फोन कर, रात्री कितीही वाजलेले असू देत.

तुझा,
बाबा

ता.क. केस बांधूनच मशीनजवळ जा.