बी विंगमध्ये भाड्याने राहून गेलेल्या मुलीस

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

तू बंगळूरला गेलीस आणि तुझे आभार मानायचे राहूनच गेले. भाडेकरू असल्यामुळे तुला आमच्या सर्वसाधारण सभेत मत नव्हतं. पण सोसायटीच्या मेलचं तू जे करून गेलीस, ते निवडून आलेल्या आम्हा मंडळींना कधी सुचलं नव्हतं. म्हणून हे पत्र सगळ्यांच्या देखत.

सोसायटीचं खातं जीमेलवर. कमिटी बदलली की पासवर्ड नव्या सेक्रेटरीच्या हाती येतो, सोबत आधीचा सगळा पसाराही. "यात फोल्डर कसे करायचे गं?" असं मी विचारलं, तर तू उलट मलाच विचारलंस, "काकू, लिफ्टवाल्यांचं बिल लिफ्टच्या फोल्डरमध्ये टाकाल की ऑडिटच्या?"

कपाटातल्या फायलीत कागद एकाच जागी बसतो, दुसरीकडे हवा तर झेरॉक्स काढा. जीमेलमध्ये फोल्डरऐवजी लेबलं असतात, म्हणजे मेलवर डकवायच्या नावाच्या चिठ्ठ्या. त्यांचं तसं नाही. त्याच बिलाला 'लिफ्ट', 'ऑडिट २०२४-२५' आणि 'देणं बाकी' अशी तिन्ही लागतात आणि मेल मात्र एकच राहतो. पैसे दिले की 'देणं बाकी' काढायचं, उरलेली दोन तशीच. लेबल खोडलं म्हणून मेल जात नाही, हे तू करून दाखवलंस तेव्हा कुठे माझा हात धीट झाला. आणि ही सोय जीमेल २००४ साली आलं तेव्हापासूनची! मधल्या किती कमिट्या तिच्या शेजारून गेल्या कोण जाणे.

खरी गंमत फिल्टरची, म्हणजे कुठल्या मेलचं काय करायचं हे जीमेलला एकदाच सांगून ठेवायच्या नियमाची. पाठवणाऱ्याच्या रकान्यात लिफ्ट कंपनीचा पत्ता घातला, लेबल निवडलं. मग जुन्या मेलनाही हे लागू करायची चौकट तू टिक करायला लावलीस आणि मागची सगळी बिलं डोळ्यांदेखत एका रांगेत आली. ऑडिटरांचे मेल स्पॅममध्ये जायचे नाहीत, असाही एक फिल्टर केलास. जाहिराती इनबॉक्स टाळून परस्पर लेबलाखाली. उपनिबंधक कार्यालयाचं पत्र मात्र इनबॉक्समध्येच दिसलं पाहिजे, यावर तू अडून बसलीस. बरोबरच होतं तुझं. त्या पत्रांना मुदत असते, ती नजरेआड करून कसं चालेल?

एका सभासदांच्या मेलना मी 'कटकट' असं लेबल लावलं होतं. ते त्यांना दिसेल का, हे मी किती हळू आवाजात विचारलं होतं! लेबल फक्त आपल्या खात्यात दिसतं, हे कळल्यावर जिवात जीव आला. (लेबल अजून आहे.)

यंदा ऑडिटरांनी लिफ्टची बिलं मागितली, तेव्हा दोन्ही लेबलं एकत्र शोधली आणि चहा येण्याआधी सगळी त्यांच्यापुढे ठेवली. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची, १४ दिवस आधी नोटीस काढायची, ही धावपळ आहेच. पण सभासदांची उत्तरं आता 'सभा' लेबलाखाली आपोआप गोळा होतात.

एकच गोष्ट अडली आहे. तळमजल्यावरचे काका पाण्याची तक्रार, पार्किंगचा वाद आणि सभेचा मुद्दा एकाच मेलमध्ये लिहितात आणि विषयाच्या रकान्यात नुसतं 'नमस्कार' घालतात. त्यांना कुठला फिल्टर लावू, ते सवडीने कळव.

तुझी,
सेक्रेटरी काकू