रिकाम्या जाळ्यांचीही नोंद ठेवणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

ज्या दिवशी काहीच लागले नाही, त्या दिवसाचीही ओळ तुमच्या वहीत आहे. तारीख, जाळी किती, आस (जाळ्याच्या छिद्राचा आकार) किती मिलिमीटरचा, जाळी पाण्यात किती तास, आणि शेवटी ठसठशीत शून्य. नदीतला मासा वाढला की घटला, हे ठरवताना आमची सगळी भिस्त त्या शून्यांवर आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

समजा दहा खेपांपैकी पाच रिकाम्या गेल्या आणि उरलेल्या पाचांत मिळून ३० मासे लागले. खेपेला सरासरी ३. रिकाम्या खेपा लिहिल्याच नाहीत, तर तीच सरासरी ६ दिसते. मासा कमी होऊ लागला की रिकाम्या खेपा वाढतात. त्यामुळे शून्ये गाळली की घट नेमकी झाकली जाते. तासांचेही तसेच. दोन जाळी चार तास म्हणजे ८ जाळी-तास. २४ मासे एवढ्यात लागले की दुप्पट वेळात, हे कळल्याशिवाय त्या २४ ला अर्थ नाही.

मासे थव्याने फिरतात. एका खेपेला काही नाही, दुसरीला जाळे भरून. अशा मोजणीला पॉयसाँ वितरण (मोजणीतला चढउतार सरासरीइतकाच धरणारे गणिती सूत्र) लावले तर अंदाजातली अनिश्चितता खोटी कमी दिसते आणि निव्वळ योगायोगही ‘घट’ ठरतो. म्हणून त्याहून जास्त चढउतार मानणारे ऋण द्विपद वितरण घ्यावे लागते, आणि प्रत्येक खेपेची मेहनत हिशेबात धरली जावी म्हणून जाळी-तासांचा लॉगरिदम ऑफसेट (सूत्रातली ठरलेली भर) म्हणून द्यावा लागतो.

पाण्याची खोली तुम्ही काठीने मोजून लिहिलीत, तिचे मोल तर फार मोठे. पाणी उतरले की मासे डोहात दाटतात, जाळ्यात जास्त लागतात. नदीतली संख्या घटत असतानाही. खोलीचा रकाना नसता तर ही वाढ खरी वाटली असती.

आणि ते पर! खूण म्हणून माशाला टॅग, म्हणजे छोटा बिल्ला, लावतात आणि पराचा कोपराही कापतात; टॅग गळून पडला तरी तो कापलेला कोपरा तुम्ही ओळखता. १२० मासे खूण करून सोडले, नंतरच्या पकडीतल्या ९० पैकी १२ खुणेचे निघाले, तर खुणेच्या माशांवरून एकूण संख्येचा अंदाज काढणाऱ्या चॅपमनच्या सूत्राने (१२१ × ९१ ÷ १३) − १ = ८४६ मासे. त्या १२ पैकी तिघांचे टॅग गळलेले असले आणि कापलेला पर कुणी पाहिलाच नाही, तर उत्तर थेट ११०० वर जाते. नदीत नसलेले अडीचशे मासे तुमच्या नजरेमुळे हिशेबात शिरत नाहीत.

आपले ऋणी,
नदीतल्या माशांची मोजणी करणारे