इलेक्ट्रॉनचा स्पिन: बातमीत कारणही यावे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात क्वांटम संगणकाविषयी आलेला लेख वाचला. या विषयाला गोव्यातील मराठी वाचकांसाठी इतकी जागा मिळाली, याचे समाधान आहे. मात्र इलेक्ट्रॉनचा स्पिन म्हणजे एका चिमुकल्या गोळ्याचे स्वतःभोवती फिरणे, एवढे सांगून लेख थेट भावी संगणकांच्या वेगाकडे वळला. अकरावीच्या वर्गात सोयीसाठी असे सांगतात, पण तेवढ्यावर थांबले तर पुढचे काहीच उलगडत नाही. उलेनबेक आणि गाउडस्मिट या तरुण भौतिकशास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये स्पिनची कल्पना मांडली, तेव्हाच ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झ यांनी आक्षेप घेतला होता, की इलेक्ट्रॉनला असा गोळा मानले आणि त्या काळी गृहीत धरलेली त्रिज्या घेतली, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या कितीतरी पट भरतो. स्पिन हा विद्युतभार आणि वस्तुमान यांसारखाच इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण आहे. कोणत्याही दिशेने मोजला तरी त्याची दोनच उत्तरे मिळतात, आणि त्याच्यामुळे इलेक्ट्रॉन एका सूक्ष्म चुंबकासारखा वागतो.

खरी मौज इथून सुरू होते. विद्युत क्षेत्रातून वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला, त्याच्या स्वतःच्या दृष्टीने, चुंबकीय क्षेत्रही जाणवते. पावसात झुवारी पुलावरून दुचाकीने पणजीकडे निघालेल्याला सरळ पडणारा पाऊसही समोरून तिरपा येतो, आणि परततानाही तो समोरूनच, म्हणजे आता उलट्या दिशेने येतो. त्याचप्रमाणे इलेक्ट्रॉनच्या गतीची दिशा उलटली की त्याला जाणवणारे हे क्षेत्रही उलटते. स्पिन आणि गती यांच्या या नात्याला स्पिन-कक्षा युग्मन म्हणतात. सिलिकॉनसारख्या हलक्या मूलद्रव्यात ते क्षीण असते. इंडियम आणि अँटिमनी यांसारख्या जड अणूंच्या अर्धवाहकांत ते ठळक होते.

इंडियम अँटिमोनाइडची सुमारे १०० नॅनोमीटर जाडीची तार घेतली, तर इलेक्ट्रॉनला पुढे किंवा मागे एवढ्याच दोन वाटा उरतात. तारेला आडवे विद्युत क्षेत्र असले, तर पुढे जाणाऱ्याचा स्पिन एका बाजूला आणि मागे येणाऱ्याचा विरुद्ध बाजूला कलतो, आणि काहीशे नॅनोमीटरच्या प्रवासातच स्पिनची दिशा लक्षणीय वळते. शेजारच्या विद्युतद्वारावरील (गेटवरील) व्होल्टेज बदलून हे वळणे कमी-जास्त करता येते. सुप्रियो दत्ता आणि बिस्वजित दास यांनी १९९० मध्ये सुचवलेल्या स्पिन ट्रान्झिस्टरचा, म्हणजे स्पिन वळवून प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या साधनाचा, आधार हाच आहे. बाहेरून तारेच्या लांबीच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले, तर ऊर्जापातळ्यांत एक अर्धी फट पडते, म्हणजे तेवढ्या ऊर्जांवर निम्म्याच अवस्था उरतात, आणि त्या फटीत प्रत्येक दिशेला एकाच स्पिनचे इलेक्ट्रॉन धावतात. तेच क्षेत्र युग्मनातून जाणवणाऱ्या क्षेत्राला समांतर फिरवले, की फट पडत नाही. युग्मन खरोखर कामाला लागले आहे का, हे ओळखण्याची याहून सुंदर कसोटी मला माहीत नाही.

लांबीच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र असताना याच तारेला अतिवाहकाची (विरोधाविना वीज वाहू देणाऱ्या पदार्थाची) जोड दिली, तर तिच्या दोन टोकांना मायोराना अवस्था, म्हणजे जणू एकाच इलेक्ट्रॉनचे दोन अर्धे, निर्माण व्हाव्यात, असे २०१० मध्ये दोन गटांनी गणिताने दाखवले. त्यांपैकी एका गटात शंकर दास सरमा आणि जय साव होते. क्वांटम संगणकातील माहिती अशा अवस्थांत अधिक सुरक्षित राहील, अशी आशा आहे. २०१२ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे अशा तारेत अपेक्षित खूण, म्हणजे शून्य व्होल्टेजला विद्युतवहनात येणारे शिखर, दिसली. २०१८ मध्ये त्याहून भक्कम पुरावा मिळाल्याचा दावा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला, पण मोजमापांची पूर्ण नोंद तपासल्यावर तो टिकला नाही आणि २०२१ मध्ये लेखकांनी तो शोधनिबंध मागे घेतला. तारेतील अशुद्धींमुळे आणि असमानतेमुळे साध्या अवस्थाही तशीच खूण दाखवू शकतात, ही यातली अडचण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने याच अवस्थांवर आधारलेली म्हणून 'मायोराना १' ही क्वांटम चिप जाहीर केली, तेव्हा सोबतच्या शोधनिबंधातील मोजमापे मायोराना अवस्थांचा पुरावा ठरत नाहीत, असे 'नेचर'च्या संपादकांनीच परीक्षणाच्या नोंदीत नमूद केले होते. आपल्या लेखात या चिपचा उल्लेख होता, ही नोंद मात्र नव्हती. माझा आक्षेप मुख्यतः इथेच आहे.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. फर्मागुडी, ताळगाव आणि झुवारीनगर येथे आपली मुले भौतिकशास्त्र शिकत आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी हे दैनिक येते. त्यांना केवळ घोषणा वाचायला मिळाव्यात आणि कोणता दावा कशाच्या बळावर उभा आहे हे मिळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. मराठीत हे समजावता येत नाही, असे मला कधीच वाटलेले नाही; त्याला जागा आणि धीर लागतो.

म्हणून विनंती आहे, की येत्या २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिन पुरवणीत दहा शोधांची ओझरती ओळख देण्याऐवजी एकच प्रयोग निवडावा आणि त्यात काय मोजले, त्यातून काय सिद्ध झाले व काय झाले नाही, हे येथील एखाद्या प्राध्यापकाकडून सविस्तर लिहून घ्यावे. मागे घेतलेल्या २०१८ च्या शोधनिबंधाची हकिकत त्यासाठी मी सुचवतो.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक,
फोंडा, गोवा